पत, जागा आणि घर : भंडारा जिल्ह्यातील एका प्रश्नाचा पूर्वेतिहास

मराठीत 'पत' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. बाजारात उधार मिळण्याची लायकी ती पत, आणि चारचौघांत असलेली प्रतिष्ठा तीही पतच. हे दोन अर्थ एकाच शब्दात नांदत आले, याला भाषेतील योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. ज्याला गावात प्रतिष्ठा होती त्यालाच उधार मिळत होते, आणि ज्याला प्रतिष्ठा नव्हती त्याला उधार मिळाले तरी ते शरीर गहाण ठेवून मिळत होते. आज बँका पत मोजण्यासाठी तीन अंकी गुणांक वापरतात. हा गुणांक जात विचारीत नाही असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. परंतु गुणांकाच्या मागे जो इतिहास उभा आहे त्याची चर्चा आपल्याकडे झालेली नाही. ती करण्याचा हा एक प्रयत्न आहे.

या विषयाकडे मी कसा वळलो ते थोडक्यात सांगितले पाहिजे. लाखनीत घर बांधण्यासाठी मी एका बँकेकडे कर्जाचा अर्ज केला. माझा गुणांक सहाशेच्या थोडा वर निघाला. कारणे दोन होती. पदव्युत्तर शिक्षणासाठी घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते, मी तासिका तत्त्वावर शिकवीत होतो त्या वर्षांत, वेळेवर गेले नव्हते. कारण मानधनच वेळेवर येत नव्हते. दुसरे असे की चुलतभावाच्या ऑटोरिक्षाच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो, आणि टाळेबंदीनंतर त्याचे हप्ते थकले. अधिकारी सभ्य होते. ते म्हणाले, "सर, तुमच्यावर आमचा विश्वास आहे, पण सिस्टीम घेत नाही." नंतर त्यांनी जागेचे कागद पाहिले. माझ्याकडे ग्रामपंचायत काळातला नमुना आठचा उतारा होता. त्यावर ते म्हणाले, "गुणांक चांगला असता तरी या कागदावर कर्ज झाले नसते."

घरी येऊन वडिलांना हे सांगितले. ते हसले. म्हणाले, "तुझ्या आज्याले बी जागेचाच कागद नोहता बाबू." आजोबांना कागद का नव्हता, या प्रश्नापासून हा लेख सुरू होतो.

१

भंडारा हा मालगुजारीचा मुलूख. १८५३ साली नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत गावचा सारा गोळा करून भरणाऱ्या मालगुजारांना गावाची मालकी बहाल करण्यात आली. पश्चिम महाराष्ट्रातल्या रयतवारीपेक्षा ही पद्धत मुळातच वेगळी होती. शेते, पडीक जमीन, झुडपे, आणि गावाची वस्ती ज्यावर उभी होती ते गावठाणसुद्धा मालगुजाराच्या मालकीत मोडू लागले. आपल्या भागातील मोठमोठ्या तलावांना आजही मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, म्हणतात. कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधण्यात मोठे कौशल्य दाखविले. त्यांच्या पाण्यावर धान पिकले. त्या धानाच्या बांधीत चिखलणी आणि रोवणी करणारे हात मात्र बहुतांशी आमचे होते.

कुळांचेही प्रकार होते. मलिक मकबुजा आपला तुकडा विकू किंवा गहाण ठेवू शकत असे. मौरुसी कुळाला कसण्याचा हक्क होता, पण जमीन हस्तांतरित करण्यावर १८९८ च्या कूळकायद्याने बंधने घातली. त्याखाली सालदार आणि मजूर येत. त्यांच्याजवळ गहाण ठेवण्यासारखे काहीच नव्हते. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात नागपूर भागातले महार जाडेभरडे कापड विणणारे आणि गावाची राखण करणारे म्हणून येतात. म्हणजे आमच्या हाती एक कसब होते. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांच्या कापडापुढे हातमाग टिकला नाही. कसब गेल्यावर जे नागपूरला गेले ते गिरणीत लागले, जे गावात राहिले ते सालदार झाले.

सालदाराचे कर्ज हा काय प्रकार होता हे नीट समजून घ्यावयास हवे. पावसाळ्याच्या तोंडाला धान संपलेले असे. मालकाकडून सवाईने किंवा दिढीने धान उचलायचे, म्हणजे एका खंडीची सव्वा किंवा दीड खंडी परत करायची. लग्न किंवा आजारपण आले की रोख उचल घ्यायची, आणि ती वर्षभर राबून फेडायची. वर्षाअखेर हिशेब मालक सांगेल तो. अशा माणसाला पत नव्हती असे म्हणणे चुकीचे ठरेल. त्याला पत होती. पण ती त्याच्या अंगातल्या बळाची होती. बळ संपले की पत संपली. वेठबिगारीला आळा घालणारा केंद्राचा कायदा १९७६ साली झाला, यावरून हा व्यवहार किती लांबला ते ध्यानात यावे.

आणि घर? आजी सांगायची की तिच्या सासऱ्याने बांधलेल्या कुडाच्या घरात माणसे त्यांची, भिंती त्यांच्या, आणि जागा मालगुजाराची. त्याच्याशी बिनसले तर गाव सोडावे लागेल ही भीती कायमची. ज्या माणसाच्या पायाखालची जमीन दुसऱ्याची असते त्याला मान वर करून बोलता येत नाही. घराच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे.

२

सावकारीविरुद्ध कायदे झाले नाहीत असे नाही. १८७५ साली सुपे येथून दख्खनचे दंगे पेटले आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. आपल्या मध्य प्रांतात १९३३ साली कर्जतडजोडीचा, १९३४ साली सावकारीचा आणि १९३९ साली कर्जनिवारणाचा कायदा झाला. परंतु या कायद्यांच्या डोळ्यांसमोर जमीन असलेला ऋणको होता. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये ही त्यांची चिंता. ज्याच्याजवळ जमीनच नाही, त्याची काळजी त्यांत दुय्यम राहिली.

पंजाबात तर याहून विपरीत घडले. १९०० सालच्या जमीन हस्तांतरण कायद्याने 'शेतकरी जमाती' कोणत्या ते ठरविले, आणि त्या जमातींची जमीन इतरांनी घेऊ नये असा निर्बंध घातला. सावकारापासून शेतकऱ्याचे रक्षण हा हेतू. पण शेतकरी जमातींच्या यादीत अस्पृश्य नव्हते. पिढ्यान् पिढ्या शेतात राबणारा माणूस कायद्याने शेतकरी ठरला नाही, आणि जवळ पैसा आला तरी जमीन विकत घेण्यास अपात्र ठरला. संरक्षण देणारा कायदाच दाराला कडी घालतो, याचे इतके उघड उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

सहकाराची कथा वेगळी नाही. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. पन्नास वर्षांनी, १९५४ साली, रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल बाहेर आला. शेतकरी कुटुंबांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. सावकारांचा सुमारे ७० टक्के. ही शेतकऱ्यांची स्थिती. जो शेतकरीही नव्हता त्याची स्थिती काय असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

३

बाबासाहेबांनी या प्रश्नाची गाठ बरोबर ओळखली होती. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेले असताना त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि तेथूनही बाहेर काढण्यात आले. परदेशी विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेल्या माणसाची विद्येची पत एक भाड्याची खोली मिळवून देऊ शकली नाही.

१९४२ च्या जुलैत नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म याच परिषदेतला. हे आपण सर्वजण जाणतो. परंतु याच परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी करणारा ठराव झाला, याची आठवण कमी केली जाते. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात ही मागणी अधिक तपशिलाने आली. सरकारने पडीक जमिनी ताब्यात घ्याव्यात आणि त्यांवर अस्पृश्यांना वसवावे, असा तिचा आशय. या मागणीला कोणी अतिरेकी म्हटले, कोणी अव्यवहार्य म्हटले. आज मागे वळून पाहताना असे वाटते की तीच सर्वांत व्यवहारी मागणी होती. कारण जागा स्वतःची असेल तरच घर उभे राहते, आणि घर असेल तरच त्याच्यावर कर्ज उभे राहते.

ती मागणी मान्य झाली नाही. मालगुजारी मात्र गेली. मध्य प्रदेशाचा १९५० चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. गावठाण सरकारजमा झाले, आणि जो ज्या घरात राहतो त्याचे घर त्याच्याकडेच राहावे अशी तरतूद झाली. कायदा चांगला होता. पण घराखालच्या जागेची मोजणी, नकाशा आणि राहणाऱ्याच्या नावाची सनद हे पुढचे काम बहुसंख्य गावांत झालेच नाही. १९५६ साली भंडारा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली. गावठाणातला माणूस मात्र घरपट्टीच्या नोंदीवर, म्हणजे नमुना आठवर, राहिला. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे. तो मालकीचा पुरावा नाही, असे बँकेचा वकील सांगतो. कायद्याच्या दृष्टीने त्याचे बरोबर आहे. आजोबांना कागद का नव्हता, याचे उत्तर एवढेच.

वस्ती वाढली तशी माणसे गावठाणाबाहेर गायरानात आणि झुडपी जंगलात सरकली. पूर्व विदर्भात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनींचा प्रश्न दशकानुदशके लोंबकळत होता. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वनच आहे असा निर्णय दिला. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वापराला मात्र ठरावीक प्रक्रियेने संरक्षण मिळण्याची वाट ठेवली. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी बांधलेल्या घरात राहणाऱ्या माणसालाही आज आपल्या वास्तव्याचा पुरावा शोधीत फिरावे लागत आहे.

४

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ साली भेददर्शी व्याजदराची योजना आली. अत्यंत गरिबांना ४ टक्के व्याजाने कर्ज, आणि त्यातील ४० टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींना, हे तिचे सूत्र. तारण मागायचे नाही. पत नसलेल्या माणसालाच पत द्यायची, हे तत्त्व भारतीय बँकांनी प्रथमच मान्य केले. १९७८ साली महाराष्ट्रात महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ स्थापन झाले. दिशा बरोबर होती.

परंतु रकमांकडे पाहा. भेददर्शी योजनेत घरासाठी मिळणारी कर्जाची मर्यादा ५,००० रुपये होती. २००७ च्या अर्थसंकल्पाने ती २०,००० केली. त्याच काळात मध्यमवर्गाला लाखांची कर्जे घरपोच मिळत होती. १९७७ साली एच.डी.एफ.सी. ही गृहकर्ज देणारी संस्था निघाली, १९८८ साली राष्ट्रीय आवास बँक स्थापन झाली आणि घरासाठी कर्ज काढणे ही नोकरदारांची रीत झाली. दलितांचे घर मात्र अनुदानाच्या खात्यात राहिले. १९८५ साली इंदिरा आवास योजना अनुसूचित जाती-जमाती आणि मुक्त वेठबिगार यांच्यासाठी सुरू झाली. येथेही एक मेख होती. १९५६ साली धम्म स्वीकारलेला आमचा समाज केंद्राच्या लेखी १९९० पर्यंत अनुसूचित जातीत मोडत नव्हता. राज्याची रमाई आवास योजना २००८ साली आली. तिच्यात घराचे क्षेत्र २६९ चौरस फूट, आणि अट ही की जागा स्वतःची हवी. जागेचा प्रश्न पुन्हा आडवा येतो तो असा.

अनुदानाला मी कमी लेखीत नाही. रमाई आवासच्या घरात राहणारी माझी नात्यातली माणसे आहेत, आणि पावसाळ्यात त्यांच्या डोक्यावर गळत नाही ही लहान गोष्ट नाही. पण अनुदान मिळणारा लाभार्थी असतो आणि कर्ज मिळणारा खातेदार असतो. लाभार्थ्याची यादी दुसरा कोणी करतो. खातेदाराशी व्यवहार होतो. आपल्या समाजाला दोन पिढ्या लाभार्थी म्हणूनच ओळखले गेले, आणि त्यामुळे बँकेच्या दप्तरात आपला पूर्वेतिहास तयारच झाला नाही.

आणि जेथे जमीन होती, पैसाही उभा राहू शकत होता, तेथे काय झाले? आपल्याच जिल्ह्यातले, मोहाडी तालुक्यातले खैरलांजी आठवा. भोतमांगे कुटुंबाजवळ स्वतःची शेती होती. मुले शिकत होती. या कुटुंबाला गावात पक्के घर बांधू दिले जात नव्हते, असे तेव्हाच्या सत्यशोधन समित्यांनी नोंदविले. २९ सप्टेंबर २००६ रोजी सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांना मारण्यात आले. विटांचे घर ही गावात प्रतिष्ठेची गोष्ट असते. म्हणूनच ती कोणाला मिळावी हे गाव ठरवू पाहते. पतीचे दोन अर्थ येथे पुन्हा एकत्र येतात.

५

आता गुणांकाकडे येऊ. पतीची नोंद ठेवून विकण्याचा धंदा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सुरू झाला. १८४१ साली लुईस टॅपन याने न्यूयॉर्कला अशी संस्था काढली. फेअर आणि आयझॅक यांची गणिती पद्धती १९५६ नंतरची, आणि आज प्रचलित असलेला सर्वसाधारण गुणांक १९८९ चा. दरम्यान तेथे काळ्या माणसांच्या घरांचे काय झाले ते आपण लक्षात घेतले पाहिजे. १९३३ च्या मंदीत स्थापन झालेल्या सरकारी गृहकर्ज महामंडळाने शहरांचे नकाशे तयार केले. काळ्यांच्या वस्त्या लाल रंगाने दाखविल्या. अर्थ असा की येथे कर्ज देणे धोक्याचे. १९३४ च्या संघीय गृहनिर्माण प्रशासनानेही असेच धोरण ठेवले. गोऱ्यांची घरे कर्जाने उभी राहिली, त्यांच्या किमती वाढल्या, त्या मुलांना वारशाने मिळाल्या. १९६८, १९७४ आणि १९७७ साली भेदभावाविरुद्ध कायदे झाले. पण तोवर एका पिढीची संपत्ती होऊन गेली होती. पुढे आलेल्या गणिताने वंश विचारला नाही. त्याला विचारण्याची गरज उरली नव्हती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा ब्लॅक पँथरचे नाव घेतले गेले, ते केवळ नावाच्या आकर्षणाने नव्हे. दुःखाची जात एक होती.

आपल्याकडे सिबिल ही संस्था २००० साली निघाली. तिच्यासारख्या संस्थांचे नियमन करणारा कायदा २००५ चा. व्यक्तींचे गुणांक २००७ पासून दिले जाऊ लागले. गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि बँका सामान्यतः सातशे-साडेसातशेच्या पुढची अपेक्षा ठेवतात. हप्ते वेळेवर गेले का, उपलब्ध मर्यादेपैकी किती उचलले, कर्ज किती जुने आहे, अलीकडे किती ठिकाणी अर्ज केले, अशा गोष्टींवर तो बेततो. ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याला गुणांकच नसतो.

या पद्धतीची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पूर्वी कर्ज मिळणे गावच्या पुढाऱ्याच्या मानेवर अवलंबून होते. त्याने मान हलविली तर सोसायटीचे कर्ज, नाही तर नाही. आज आडनाव पाहून नाक मुरडणाऱ्या अधिकाऱ्यालाही साडेसातशेचा आकडा नाकारताना कारण शोधावे लागते. आपल्यातल्या अनेक शिक्षकांना, परिचारिकांना आणि पोलिसांना या आकड्याने घर मिळवून दिले आहे. मनुष्याच्या मर्जीपेक्षा नियम बरा, हे बाबासाहेबांच्या संविधानाने आपल्याला शिकविले आहे.

तरी प्रश्न राहतोच. हा नियम काय मोजतो? हप्ता चुकला हे तो मोजतो, मानधन चार महिने आले नाही हे मोजीत नाही. ज्याच्या वडिलांची पेन्शन आहे, शेत आहे, त्याचा हप्ता अडचणीत घरचे लोक भरतात आणि त्याचा गुणांक शाबूत राहतो. पहिल्या पिढीच्या पदवीधराला मागे कोणी नसते. उलट त्याच्यामागे दहा जण असतात ज्यांना जामीन हवा असतो. जामीन राहणे हा आपल्यात नात्याचा धर्म आहे. बँकेच्या दप्तरात तो धोका म्हणून नोंदला जातो. बचत गटातल्या आणि छोट्या वित्तसंस्थांच्या कर्जातल्या बायांचेही असेच. २०१६ ची नोटाबंदी आणि २०२० ची टाळेबंदी यांत ज्यांची मजुरी बुडाली त्यांचे हप्ते बुडाले. तडजोड करून खाते मिटविले तर 'सेटल्ड' हा शेरा वर्षानुवर्षे मागे लागतो. ज्यांनी वीस वर्षे घरभाडे आणि विजेचे बिल न चुकता भरले, त्यांच्या त्या प्रामाणिकपणाची नोंद मात्र या हिशेबात सहसा येत नाही.

१९०० साली पंजाबच्या कायद्याने कोण शेतकरी ते ठरविले. आज गुणांक कोण विश्वासू ते ठरवितो. पहिल्याने जात पाहून दार बंद केले. दुसरा जात पाहत नाही, पण जातीमुळे जे साचले नाही तेवढे बरोबर मोजतो. शहरांतल्या घरांसाठी २०१५ ते २०२२ या काळात प्रधानमंत्री आवास योजनेतून व्याजावर सूट मिळत होती. ती कोणाला? ज्याला बँकेने आधी कर्ज मंजूर केले त्यालाच.

६

मग करावयाचे काय? हक्काची माहिती असणे ही पहिली पायरी. प्रत्येक पतमाहिती संस्थेने वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट द्यावयाचा असतो. त्यात चूक असल्यास तक्रार करता येते, आणि तीस दिवसांत निवारण झाले नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. पूर्वी कर्ज घेतलेले नाही एवढ्याच कारणावरून पहिल्या अर्जदाराला नाकारू नये, त्याच्यासाठी किमान गुणांक ठरविलेला नाही, हे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये लोकसभेत सांगितले. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. जे काम १९५१ नंतर व्हावयास हवे होते ते सत्तर वर्षांनी होत आहे. आपल्या वस्त्यांतील घरांची हद्द बरोबर पडते की नाही, नोंद बाईच्याही नावाने होते की नाही, हे मोजणीच्या वेळी उभे राहून पाहिले पाहिजे. गावठाणाबाहेरच्या घरांना या मोजणीचा लाभ नाही. त्यांच्यासाठी वास्तव्याचे जुने पुरावे गोळा करणे हे आजच्या कार्यकर्त्याचे काम आहे.

परंतु एवढ्याने भागणार नाही. भाडे आणि वीजबिलाची नियमितता पतीत धरावी, कंत्राटी माणसाच्या थकलेल्या पगाराचा दोष त्याच्या माथी मारू नये, आणि भेददर्शी योजनेमागचे तत्त्व आजच्या घराच्या किमतीला लागू करावे, या मागण्या संघटितपणे मांडल्या पाहिजेत. १९४२ च्या ठरावाचे मर्म हेच होते : जागा आणि घर ही दया म्हणून मागावयाची गोष्ट नाही.

माझ्या अर्जाचे पुढे काय झाले? शैक्षणिक कर्ज पूर्ण फेडले. भावाचे हप्ते दोघांनी मिळून भरले. जागेची मोजणी व्हावी म्हणून भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज दिला आहे. वडील अधूनमधून विचारतात, "कागद आला का?" अजून आलेला नाही. आला की त्यावर पहिले नाव त्यांचे राहील, आणि त्यानंतरच मी बँकेत जाईन.